पितळी लाव्हा

महिपत साळवे यांना त्या पक्ष्यात सर्वांत आधी आवडली ती त्याची शिस्त.

गेल्या हिवाळ्यात ते पहाटेच्या गाडीने टिटवाळ्याला उतरत, रिक्षा करून काळू नदीच्या काठी काळुरामच्या शेतावर जात आणि कानटोपी घालून घडीच्या खुर्चीवर बसून राहत. भात कापून झालेले असे. खुंटांच्या पलीकडे माळाचे गवत पिवळे पडू लागलेले असे. आणि त्या गवतातून, नेमकी कुठून ते कधीच कळत नसे, पण हाक येई: एक आखूड स्वर, त्याला चिकटून दोन झटके. व्हिक्, व्हिविक्. पुन्हा तेवढेच थांबणे, पुन्हा तीच हाक. साळवे डोळे मिटून ऐकत. घरी येऊन ध्वनिमुद्रण संगणकावर उघडत आणि दोन हाकांमधले अंतर मोजत. त्यात केसाइतकाही फरक सापडत नसे.

"लाव्हा आहे," ते पत्नीला म्हणाले. "मूठभर पक्षी, पण काय शिस्त! सुराला हलत नाही, लयीला ढळत नाही."

"माणसं शिस्तीची मिळाली नाहीत म्हणून आता पक्षी धरलाय तुम्ही," मालनबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "बघा हं, नाहीतर त्यालाही हजेरीचं कार्ड लावाल."

साळव्यांनी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली होती आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमचे प्रमुख म्हणून नोकरी संपवली होती. दुसऱ्यांनी आखलेल्या ड्रॉइंगप्रमाणे साचे, कप्पे आणि पकडी बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. संगीतातही तेच. वडील वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवत. मुलगा त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या चालींना साथ करायला शिकला. पुढे त्याने चिनी मातीचे वाडगे जमवले आणि स्वतःचे स्वतः जलतरंग बसवले, कारण वाडग्यात पाणी किती तर सूर कोणता, हे नाते त्याला फार समाधान देणारे वाटले. पण वाजवायचे ते दुसऱ्यांचेच. त्र्याहत्तराव्या वर्षी आता प्रथमच एक वस्तू अशी घडत होती, जिचे ड्रॉइंग त्यांचे स्वतःचे होते.

तिचे नाव 'काळूकाठ'. व्हायोलिन, चेलो आणि जलतरंग अशा तीन वाद्यांसाठीची ही रचना एखाद्या दिवाणखान्यात, वादकांच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ बसून ऐकायची होती. तिचे तीन भाग होते: पहिला नदीचा, दुसरा गवताचा, तिसरा लाव्ह्याचा. पहिले दोन भाग तिसऱ्याकडे नेण्यासाठीच होते, हे साळवे कोणापासूनही लपवून ठेवत नसत.

व्हायोलिन वासंतीताई वाजवत. डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षे संगीत शिकवले होते आणि अजूनही समोरच्याच्या चुकीकडे त्या चष्म्याच्या वरून बघत. चेलो त्यांच्या भाच्याचा, विनीतचा. तो संगणकाच्या नोकरीतून वेळ काढून येई आणि आल्या आल्या खाण्याची चौकशी करी.

लाव्ह्याची हाक वाजवायची कशी, यावर तालमीत बरेच दिवस गाडे अडले. वासंतीताईंनी तारेवर नाना प्रकार करून पाहिले. शेवटी गज खाली ठेवला.

"साळवेसाहेब, हे व्हायोलिन आहे, पिपाणी नाही. तुमच्या पक्ष्याचा आवाज यातून निघणार नाही. निघाला तरी मला तो काढायचा नाही."

"काका, हा पक्षी मेट्रोनोम लावून गातो," विनीत म्हणाला. "मी तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं. इतकं परफेक्ट तर मीसुद्धा वाजवत नाही."

"तू तर नाहीच वाजवत," मावशी म्हणाल्या.

"आणि अजून एक, काका. मी पुस्तकात बघितलं, हा पक्षी थंडीत आपल्याकडे येतो खरा, पण थंडीत सहसा ओरडत नाही. विणीच्या दिवसांत ओरडतो, तेही तिकडे उत्तरेला."

"पुस्तक लिहिणारा टिटवाळ्याला आला नसेल," साळवे म्हणाले. "माझ्याकडे मोजमाप आहे."

या वाक्यापुढे टूलरूममध्येही कोणी कधी बोलले नव्हते.

मग त्यांनी जे केले, ते केवळ त्यांच्याच हातून होऊ शकले असते. आंबिवलीला त्यांच्या जुन्या ओळखीच्या माणसाचे छोटे वर्कशॉप होते. तिथल्या लेथवर त्यांनी पितळेचा रॉड चढवला आणि करंगळीएवढी एक शिट्टी कातली. पोकळीची खोली, फटीची रुंदी, जिथे फुंकर चिरली जाते ती कड, सगळे व्हर्नियरने मोजत, कानशीचा एकेक हात फिरवत, मुद्रित हाकेशी सूर ताडून पाहत. तीन शिट्ट्या भंगारात गेल्या. चौथी जमली. संगणकावर मूळ हाक आणि शिट्टीची हाक एकावर एक ठेवल्या, तेव्हा दोन्ही आलेख एकमेकांवर असे बसले की दंडगोलात दट्ट्या बसावा. साळव्यांनी त्या दिवशी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले.

ठाण्याला खोपटच्या एस. टी. डेपोमागे राहणारे भगवान तांबे घरगुती मैफिली भरवत. जेमतेम साठ माणसे बसतील असा एक दिवाणखाना, पण श्रोते जाणकार. तिथे वाजवले की वादकाचे नाव चार ठिकाणी घेतले जाई. तांब्यांनी 'काळूकाठ' ऐकली, शिट्टी ऐकली आणि माघातली मैफल साळव्यांना देऊ केली. मात्र त्यांना एक कल्पना सुचली होती.

"आधी एकदा जागेवर वाजवा," ते म्हणाले. "त्या माळावर, सूर्य उगवताना. तीसएक माणसं घेऊन येतो मी. नीट माइक लावून रेकॉर्ड करू. ठाण्यात लोकांना आधी ते पाठवायचं, मग बघा दिवाणखाना कसा भरतो."

काळुरामला विचारले, तर त्याला कोण आनंद. पूर्वी कारखान्यात तो साळव्यांच्या हाताखाली होता. कारखाना बंद पडल्यावर गावी परतून भातशेती बघत होता. साहेब आपल्या शेतावर येऊन बसतात, याचा त्याला अभिमान होता. साहेब काय ऐकतात, हे त्याने कधी विचारले नव्हते. साहेबांना विचारायची त्याला सवयच नव्हती.

दिवाळी होऊन गेल्यावर, एका रविवारी, माणसे आली. टेम्पोतून सतरंज्या आल्या. काळुरामने खळे शेणाने सारवून ठेवले होते आणि त्याची बायको नंदा चुलीवर चहाचे पातेले चढवून बसली होती. नदीवर धुक्याची एक पातळ पट्टी होती. साळव्यांनी वाडगे अर्धवर्तुळात मांडले आणि त्यांत काळू नदीचेच गाळलेले पाणी भरले. ड्रॉपरने थेंब वाढवत, कमी करत त्यांनी सूर लावले.

काळुराम जवळ येऊन अदबीने उभा राहिला.

"साहेब, पक्ष्याचं कधी येणार?"

"तिसऱ्या भागात. दुसरा संपला की मी काड्या खाली ठेवीन आणि शिट्टी घेईन."

"मग ठीक. मी त्या वेळेला बांधापलीकडे असेन."

"तिकडे काय करतोस? इथे समोर बस ना."

"नाय साहेब, माझं तिकडेच काम आहे. तुम्ही बिनधास्त वाजवा." तो हसला. "पाहुण्यांना आज दिसतीलच."

कुत्री आणि म्हशी इकडे येऊ नयेत म्हणून तो तिकडे थांबत असणार, असे साळव्यांना वाटले. किती विचार करतो हा माणूस, असेही वाटले.

नदीचा भाग चांगला झाला. चेलोच्या सखल स्वरांवर जलतरंगाचे थेंब पडत गेले आणि खळ्यावरचे लोक हळूहळू खोकायचे थांबले. गवताच्या भागात वासंतीताईंनी गज इतका हलका धरला की वारा कुठला आणि व्हायोलिन कुठले, हे सांगता येऊ नये. त्यांनी एकदा चष्म्यावरून साळव्यांकडे पाहिले. त्या नजरेत चूक काढलेली नव्हती. पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

साळव्यांनी काड्या खाली ठेवल्या. शिट्टी ओठांना लावली.

व्हिक्, व्हिविक्.

चेलोने खालून एक लांब स्वर धरला. व्हिक्, व्हिविक्. व्हायोलिन त्याच्या कडेने चढू लागले. तिसऱ्या की चौथ्या हाकेला समोरच्या गवताची कड हलली आणि त्यातून एक पक्षी बाहेर आला. मातकट, गुबगुबीत, शेपूट नसल्यासारखा. तो खुंटांमधून मान पुढे काढून धावत आला, थबकला, पुन्हा धावला. त्याच्या मागून दुसरा. मग डावीकडून तिघे एकदम.

लोकांमधून एक दबका उद्गार उठला. मोबाइल वर झाले. सतरंजीवर पुढे बसलेल्या एका बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

साळव्यांना क्षणभर फुंकर घालणे जड गेले. सबंध हिवाळा ते या माळावर बसले होते आणि एकही लाव्हा त्यांना दिसला नव्हता. ज्याचा आवाज त्यांनी मोजला, कातला, घासून पुसून पितळेत बसवला, तो आज त्यांच्या बोलावण्यावर उघड्यावर आला होता. आपण केलेली वस्तू बरोबर आहे, याची इतकी जिवंत पावती कोणत्या कारागिराला मिळाली असेल? ते वाजवत राहिले. पक्षी येत राहिले; खळ्याच्या कडेने, वादकांना वळसा घालून, मागच्या बांधाकडे धावत राहिले.

रचनेत पुढे एक थांबा होता. तिथे तिन्ही वाद्यांनी गप्प व्हायचे, आणि मग शेवटचा चढ सुरू करायचा. तो थांबा आला. गज उचलले गेले. साळव्यांनी शिट्टी तोंडातून काढली.

व्हिक्, व्हिविक्.

हाक आली. बांधापलीकडून.

"उत्तर दिलं!" कोणीतरी कुजबुजले. "अहो, पक्ष्यानं उत्तर दिलं!"

साळव्यांनाही तेच वाटले. पण आयुष्यभराची सवय कोणत्याही क्षणी सुटत नाही. हाक ऐकली की त्यांचे मन आपोआप पुढच्या हाकेपर्यंतचे अंतर मोजू लागे. तशी दुसरी हाक आली. नेमक्या जागी. तिसरी आली. नेमक्या जागी. समोरून आणखी दोन लाव्हे धावत आले. ते घाबरत होते, थबकत होते, एक खुंटाला अडखळला. दोघांच्या पावलांत कसली म्हणून लय नव्हती. आणि बांधापलीकडचा आवाज कशानेही विचलित न होता ठरल्या अंतराने येतच होता.

कितीतरी वेळ शिट्टी आणि हा आवाज एकत्र चालू असले पाहिजेत. ते एकमेकांत इतके बिनचूक बसले होते, की शिट्टी वाजवणाऱ्या साळव्यांनाच ते कळले नव्हते.

"साहेब," वासंतीताई हळूच म्हणाल्या, "चढ घ्यायचा ना?"

साळवे उठले. त्यांच्या धोतराचा काठ एका वाडग्याला लागला आणि पाणी सांडले. ते अनवाणीच खुंटांतून चालत गेले, बांधावर चढले, आणि तिथेच उभे राहिले.

बांधाच्या आडोशाला एक राखी रंगाचा डबा होता. त्याला बॅटरी जोडलेली, वर एक छोटा कर्णा. हाक त्या कर्ण्यातून येत होती. डब्याच्या दोन्ही बाजूंना कमरेइतक्या उंचीची, डोळ्यांना दिसू नये इतकी बारीक जाळी बांबूंवर ताणून लावली होती. जाळीत पक्षी होते. कोणी पायाने लटकले होते, कोणी पंखाने. कोणी मानेने. जे नुकतेच येऊन आदळले होते ते फडफडत होते, आणि प्रत्येक फडफडीने दोरा आणखी आत रुतत होता. काळुराम उकिडवा बसून एकेकाला सोडवत होता आणि शेजारच्या गोणीत टाकत होता. गोणी हलत होती.

त्याने वर पाहिले. त्याचा चेहरा फुलला.

"कसं साहेब? वेळेवर लावलं ना?"

साळव्यांनी डब्याकडे बोट केले.

"हेच ते," काळुराम म्हणाला. "गेल्या वर्षी आणलेलं. तुम्ही पहाटे ऐकायला यायचात ना, तेव्हापण हेच लावलेलं असायचं. म्हटलं, आज साहेबांचे पाहुणे येणार आणि पक्षी आला नाय तर साहेबांचा कमीपणा होईल. म्हणून तुमची शिट्टी सुरू झाली तसं मीपण पुन्हा सुरू केलं."

"मी... मी हे ऐकत होतो?" साळव्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मी यंत्र ऐकत होतो?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक नव्हतं?" काळुराम आता खरोखरच चक्रावला. त्याचा हात गोणीच्या तोंडाशी थांबला. "साहेब, चेष्टा करता का? मशीनचा आवाज तुम्हाला नाय कळणार? तुम्ही लेथ नुसता ऐकून सांगायचात, बेअरिंग गेलंय म्हणून."

"तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचात. मी काय बोलणार मधे? मला वाटलं, साहेबांना हेच मोजायचं असेल. तुम्ही कायतरी मोजल्याशिवाय कुठे बसलात कधी?"

"बंद कर ते."

काळुरामने खटका दाबला. हाक तुटली. त्या शांततेत जाळीची फडफड एकदम मोठी झाली. साळव्यांना वाटले, इतका वेळ हा आवाज होताच; आपल्या रचनेच्या खाली होताच.

"किती दिवस करतोस हे?"

"थंडीपुरतं. उत्तरेकडनं येतात ना, तेव्हा. दोन-तीन ढाबेवाले नेतात. सगळेच करतात साहेब, माझं एकट्याचं नाय." मग जणू साहेबांना बरे वाटावे म्हणून तो उत्साहाने पुढे म्हणाला, "पण आज जे झालं ना, ते या डबड्याचं काम नाय. आज पहाटे तुम्ही यायच्या आधी लावलेलं, तर चार आलेले. चार! तुमची शिट्टी वाजली आणि बघा, जाळी भरली. काय हात आहे साहेब तुमचा! या मशीनच्या आवाजात कायतरी कमी आहे, तुमच्या शिट्टीत ते बरोबर आहे."

साळवे बांधावर खाली बसले. मुठीत अजून शिट्टी होती. ओठांच्या उबेने ती गरम होती.

मागून भगवान तांबे धापा टाकत आले. "साळवेसाहेब, कुठे गेलात? लोक वेडे झालेत! बाई रडतायत तिकडे. तिसरा भाग पुन्हा एकदा पहिल्यापासून घेऊ, म्हणजे चढासकट पूर्ण रेकॉर्ड..." ते बांधावर पोचले आणि थांबले. "हे काय आहे?"

"हेच," साळवे म्हणाले. "हे रेकॉर्ड झालं आपलं."

तांब्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, लोकांना इकडे येऊ देऊ नका. मी सांगतो काहीतरी. तुम्ही या, शेवट वाजवा. पक्षी आता नाही आले तरी चालेल, मघाचं शूटिंग आहे."

साळवे उठले आणि खळ्याकडे तोंड करून, टूलरूममध्ये मारत तशी हाक मारली. "विनीत! तुझ्याजवळ तार कापायची पक्कड आहे ना? घेऊन ये. आणि सगळ्यांना इकडे येऊ दे. आपल्याला ऐकायला कोण आलं होतं, ते त्यांनीही पाहावं."

लोक आले. कोणी बांधावरच उभे राहिले, कोणी खाली उतरून पुन्हा वर चढले. मघाशी तोंडावर हात ठेवणाऱ्या बाईंनी पुन्हा तसेच हात ठेवले, आणि आता त्यांचे डोळे कोरडे होते. "म्हणजे ते गाणं ऐकायला नव्हते येत?" त्यांनी विचारले.

"काका, हे बेकायदेशीर आहे," विनीत पक्कड देता देता म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "कळवायला लागेल."

"कळव. माझंही नाव सांग त्यात."

काळुराम काही न समजल्यासारखा उभा होता. साहेब आपली जाळी कापत आहेत आणि साहेबांना अडवायचे असते हेही त्याला माहीत नव्हते. "साहेब, एवढं काय झालं?" तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "एवढं काय झालं? मी तुमच्यासाठीच..." मग नंदा खळ्यावरून आली, तिने नवऱ्याच्या हातून गोणी ओढून घेतली आणि उलटी केली. "मी सांगत होते तुला," ती एवढेच म्हणाली.

गोणीतून काही उडाले. काही चालत गवतात गेले. काही तिथेच पडून राहिले.

वासंतीताई व्हायोलिन काखेत धरून जाळीपाशी गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि केसांतल्या पिनेने दोरे सोडवत होत्या. साळव्यांनी एका लाव्ह्याच्या गळ्याभोवतीचा दोरा कापला. पक्षी त्यांच्या ओंजळीत आला. त्याचे वजन जवळजवळ नव्हतेच. होती ती फक्त धडधड. तळहातावर ती इतकी वेगाने आणि इतकी वेडीवाकडी आपटत होती की त्यांना काही केल्या मोजता येईना. त्यांनी प्रयत्न केला, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी ओंजळ उघडली. पक्षी तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने तो खाली उतरला आणि गवतात शिरला. त्याने मागे हाक दिली नाही. थंडीत लाव्हे सहसा हाक देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनबाईंच्या मोबाइलवर चित्रफीत आली. त्यांच्या बहिणीने पाठवली होती. तिला तिच्या मुलीने, मुलीला आणखी कोणी. खाली लिहिले होते: टिटवाळ्यात चमत्कार, संगीत ऐकायला धावून आले पक्षी. बांध कुठेच दिसत नव्हता. साळवे त्यात डोळे मिटून शिट्टी वाजवत होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी पक्षी धावत होते. दिसायला ते फार सुंदर होते.

"तुम्ही मला सांगितलंत त्यातलं यात काहीच नाही," मालनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी साळव्यांना एक फोन आला. अनोळखी, पण बोलायला मोठा अदबशीर माणूस. मुरबाडकडचा होता.

"सर, व्हिडिओ बघितला. एक नंबर. ती शिट्टी तुम्ही स्वतः बनवलीत असं कळलं. आम्हाला दहा नग मिळतील का?"

"तुम्ही काय वाजवता?" साळव्यांनी विचारले.

"वाजवत काय नाय सर," तो हसला. "शेती आहे आपली."

साळव्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी भगवान तांब्यांना फोन लावला.

"रेकॉर्डिंग पुसून टाका. सगळं. कुठे पाठवलं असेल तिथून काढा."

"साळवेसाहेब, शांत व्हा," तांबे म्हणाले. "झालं ते वाईट झालं, मला मान्य आहे. पण तुमचा त्यात काय दोष? आणि असले आवाज काय, मोबाइलवर शोधले तर ढिगानं मिळतात."

"मिळत असतील. पण काळुराम म्हणाला ते खरं आहे. माझा बरोबर आहे. तुम्ही तो माइकवर स्वच्छ घेतलाय. कोणीही कर्ण्याला जोडून बांधावर ठेवू शकेल."

"मग मैफल? तिसऱ्या भागाशिवाय 'काळूकाठ' म्हणजे काय राहतं?"

"काही नाही राहत."

"माघातली तारीख मी दुसऱ्याला देऊ?"

साळव्यांनी टेबलावरच्या स्वरलेखनाकडे पाहिले. वरच्या कोपऱ्यात, टूलरूममधल्या ड्रॉइंगवर असे तशी चौकट आखून त्यांनी लिहिले होते: रचनाकार, महिपत साळवे. आयुष्यभर त्या चौकटीत दुसऱ्यांची नावे वाचली होती.

"द्या," ते म्हणाले.

वासंतीताईंचा फोन नंतर आला. त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "पहिले दोन भाग मी विसरणार नाही, एवढं सांगायला फोन केला."

गॅलरीतल्या छोट्या कामाच्या टेबलावर वस्तू घट्ट धरून ठेवणारा एक व्हाइस बसवलेला होता. साळव्यांनी शिट्टी त्यात धरली, जबडा फार आवळला जाणार नाही याची काळजी घेत. ती मोडून टाकणे एका ठोक्याचे काम होते. पण मोडलेल्या वस्तूचा साचा त्यांच्या डोक्यात शाबूत राहिला असता. चुकीच्या मापाची एक वस्तू हाताने घडवल्याखेरीज तो पुसला जाईल असे त्यांना वाटेना. त्यांनी बारीक कानस घेतली आणि फुंकर चिरणारी कड घासायला सुरुवात केली. पितळेची भुकटी कागदावर पडली. त्यांनी शिट्टी काढली, फुंकली, पुन्हा लावली. सूर किंचित सरकला होता. पुन्हा घासली. पुन्हा फुंकली. आयुष्यात पहिल्यांदाच ते माप चुकवण्यासाठी मोजत होते, आणि हात तयार होत नव्हता. दर वेळी तो कड सरळच करू पाही.

मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऐक," साळवे म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली. "पक्ष्यासारखी वाटते का अजून?"

"थोडी."

त्यांनी आणखी घासली. "आता?"

मालनबाईंनी मान तिरकी करून नीट ऐकले. नवरा खोटे बोललेले लगेच ओळखतो, हे त्यांना माहीत होते.

"आता कुकरसारखी वाटते," त्या म्हणाल्या.

"खात्रीनं?"

"खात्रीनं. वरण शिजल्यासारखं."

साळव्यांनी मान हलवली. मग शिट्टी पुन्हा व्हाइसमध्ये धरली आणि कानशीचा आणखी एक हात फिरवला.